भीमा असून आपण इजिप्त का झालो नाही?

सीनाकाठचा:

शाळेत एक वाक्य आपण सगळ्यांनी घोकलंय: प्राचीन संस्कृती नदीकाठी उदयाला आल्या. नाईल, टायग्रिस-युफ्रेटिस, सिंधू, ह्वांग हो, एवढी नावं लिहिली की मार्क पक्के. पण सोलापूरच्या पोराने पुढचा प्रश्न विचारायला हवा, आणि तो कुणीच विचारत नाही. नदी तर आपल्याकडेही आहे की! भीमाशंकरला उगम पावून रायचूरकडे कृष्णेला मिळेपर्यंत भीमा साडेआठशेच्या आसपास किलोमीटर वाहते. मग साडेचार हजार वर्षांपूर्वी पिरॅमिड तिकडे का आणि आपल्याकडे माळरान का?

गंमत म्हणजे नाईल आणि भीमेत साम्य भरपूर आहे. नाईलचं पाणी इजिप्तचं नाहीच. तिथे पाऊस जवळपास पडत नाही. पूर येतो तो इथिओपियाच्या डोंगरांवरच्या पावसाळ्यामुळे, निळ्या नाईलमधून. भीमेचंही तेच. पाऊस पडतो भीमाशंकरच्या घाटात, अडीच-तीन हजार मिलिमीटर, आणि नदी वाहते आपल्या साडेपाचशे मिलिमीटरच्या मुलखातून. वेळापत्रकही जुळतं. नाईलला पूर जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबरात पाणी ओसरलं की पेरणी, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. आपली रब्बी ज्वारीही परतीच्या पावसानंतर पेरायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. दोन्हीकडे पीक वाढतं ते मुरलेल्या ओलीवर, पडत्या पावसावर नाही.

फरक आहे तो खोऱ्यात. असवानच्या खाली नाईलचं खोरं गाळाचं, सपाट, काही ठिकाणी वीसेक किलोमीटर रुंद. नदीचे काठ जरा उंच आणि काठापासून लांब जावं तशी जमीन खोलगट. पूर आला की पाणी आपल्या पायाने त्या खोलगट भागात शिरायचं. माणसाने करायचं काय, तर आडवे बांध घालून मोठमोठे वाफे पाडायचे, महिना-दीड महिना पाणी कोंडायचं, गाळ बसू द्यायचा, उरलेलं पाणी खालच्या वाफ्यात सोडायचं आणि चिखलात बी फेकायचं. खत फुकट, ओल फुकट, आणि जमिनीत साठलेलं मीठ दरवर्षी धुऊन जायचं ते वेगळंच.

आता विजापूर रोडने जाताना वडकबाळला सीना आणि टाकळीला भीमा लागते. पुलाजवळ गाडी थांबवून काठ बघा. नदी खाली, शेत वर. दख्खनच्या नद्या बेसॉल्टच्या कातळात रुतून वाहतात, गाळाचा पट्टा अरुंद. टाकळीचं पाणी सोरेगावला पंपाने चढवावं लागतं तेव्हा कुठे आपल्या नळाला येतं (तेही रोज नाही, पण तो विषय वेगळ्या धाग्याचा). ज्या काळात पंप नाही, रहाट नाही, त्या काळात ही नदी प्यायला, गुरांना आणि मासे धरायला. शेताला तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

तर माझं म्हणणं असं की नदी असून भागत नाही. पाणी कोणत्या महिन्यात येतं आणि शेताच्या वर येतं की खाली, यावर संस्कृतीचं बरंचसं गणित बसतं. बोला.

कडक_भाकरी:

मालक, आपण इजिप्त झालो असतो तर ममीसोबत कडक भाकरी अन् शेंगाचटणी बांधून दिली असती, अजून टिकली असती.

मस्करी जाऊ द्या, धागा भारी आहे. एक शंका. मग इराककडे काय होतं? तिथे नदी शेताच्या वर होती की खाली?

सीनाकाठचा:

वर, अक्षरशः वर. युफ्रेटिस इतका गाळ आणते की स्वतःचंच पात्र उचलत जाते. काठ फोडून पाट काढला की पाणी उताराने शेतात. पंप नको, मोट नको. पण महिना चुकीचा. त्या दोन्ही नद्यांना पूर येतो तुर्कस्तानच्या डोंगरांवरचा बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मेमध्ये. म्हणजे बार्ली कापणीला आलेली असताना. आणि पेरणीच्या वेळी, शरद ऋतूत, नद्या सगळ्यात बारीक. त्यामुळे सुमेरी, म्हणजे दक्षिण इराकमधल्या प्राचीन शेतकऱ्याला दोन उलटी कामं एकाच वर्षात करायची: वसंतात पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध राखायचे आणि शरदात तेच पाणी शेतात यावं म्हणून पाट उपसायचे. पाट दरवर्षी गाळाने भरणार. वरच्या गावाने पाणी अडवलं की खालचं गाव भांडायला उठणार. लागाश आणि उम्मा या दोन शहरांचं शेताच्या सीमेवरून आणि पाण्यावरून पिढ्यानपिढ्या चाललेलं भांडण दगडावर कोरलेलं सापडलंय. आपल्या कालव्याच्या चाऱ्यांवर रात्री काय चालतं ते आठवा.

जुळे_सोलापूर:

उत्तम विषय. निवृत्त शिक्षक असल्याने दोन गोष्टी जोडल्याशिवाय राहवत नाही.

एक, इजिप्तचा पूर 'भरवशाचा' म्हणताना थोडं जपून. वेळ भरवशाची होती, उंची नव्हती. म्हणून तर त्यांनी पुराची उंची मोजायला काठावर पायऱ्या-खुणा असलेल्या विहिरी बांधल्या. रोमन लेखक प्लिनीने त्या मोजमापाचा हिशेब लिहून ठेवलाय: पाणी १२ हात चढलं तर उपासमार, १३ ला तरी भूक, १४ ला आनंद, १५ ला निश्चिंती, १६ ला चैन. सोळाच्या फार वर गेलं तर गावंच वाहून जायची. दोन-चार हातांचा खेळ होता सगळा. आणि जो पुराची उंची मोजतो त्याला यंदा पीक किती येणार हे काढणीआधी कळतं. म्हणजे सारा किती बसवायचा हेही कळतं. राज्ययंत्रणा तिथून वाढली.

दोन, सुमेरमध्ये माती आणि पाणी सोडलं तर काहीच नव्हतं. दगड नाही, बांधकामाजोगं लाकूड नाही, धातू नाही. म्हणून घरं मातीच्या विटांची, विळेसुद्धा भाजक्या मातीचे, आणि हिशेब ओल्या मातीच्या पाट्यांवर. तांबं ओमानकडून, देवदाराचं लाकूड लेबनॉनकडून, निळा लाजवर्द दगड थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. ज्याच्याकडे काही नाही त्याला व्यापार करावा लागतो, आणि व्यापार करणाऱ्याला लिहून ठेवावं लागतं. सुबत्तेबरोबर टंचाईनेही संस्कृती घडवली हे मुलांना सांगायचं राहून जातं.

मालदांडी:

नमस्कार मंडळी. मी मंगळवेढ्याकडचा, शेती करतो. इतिहासातलं मला फार कळत नाही, पण वर मिठाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

सीनाकाठचा दादांनी लिहिलं की नाईलचा पूर मीठ धुऊन न्यायचा. ते फार मोठं आहे बघा. आमच्या पाहुण्यांचं रान कालव्याखाली आहे. आधी ऊस असा आला की बघत राहावं. वर्षानुवर्षं पाणी दिलं, निचरा काही केला नाही. आता उन्हाळ्यात वाफ्याच्या कडेला पांढरी खपली येते. चप्पल टेकली की करकर वाजते. आधी हरभरा जायचा बंद झाला, मग गहू, मग ऊस पण पिवळा पडायला लागला. काळ्या मातीत पाणी खाली जात नाही, मग खालचं मीठ ओलीबरोबर वर येतं, पाणी उडून जातं अन् मीठ राहतं. इराकमध्ये असंच झालं असणार का?

खापरवेडी:

मालदांडी दादा, बरोब्बर तेच. दक्षिण इराकमधल्या मातीच्या पाट्यांवर पिकांचे हिशेब आहेत. सुरुवातीला गहू आणि बार्ली दोन्ही दिसतात, मग गहू कमी होत जातो आणि इ.स.पू. १७०० च्या सुमारास दक्षिणेत जवळपास निव्वळ बार्ली उरते. बार्ली खारं रान सोसते, गहू सोसत नाही. १९५८ मध्ये जेकबसन आणि ॲडम्स या दोघांनी हे मांडलं तेव्हा फार गाजलं. नंतर काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला की पाट्यांवरचे आकडे इतके सरळ वाचता येत नाहीत, आणि शेतकऱ्यांना जमीन पडीक टाकून मीठ खाली बसवायची युक्ती माहीत होती. तो वाद चालू आहे. पण जमीन खारावत होती यावर फारसं दुमत नाही.

आता मूळ धाग्याकडे. 'इकडे माळरान होतं' हे मला अर्धंच मान्य आहे! आपल्याच भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीवर, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. चौकोनी मातीची घरं, धान्याची कोठारं, कुंभाराची भट्टी, लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरायची पद्धत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुराचं पाणी वळवायला पाट आणि दगडामातीचा बांध. मुख्य पीक बार्ली. म्हणजे नदीचं पाणी शेतात नेण्याची अक्कल इथल्या माणसाला होती.

फक्त आकार बघा. इनामगाव जेमतेम ५ हेक्टर. त्याच्या कितीतरी आधीचं मोहेंजोदडो २०० हेक्टरच्या पुढे. इथे सीनाकाठचा यांचं म्हणणं लागू पडतं. गाळाचा पट्टा अरुंद, त्यामुळे एका गावापुरती शेती व्हायची, शहर पोसण्याइतकी नाही. प्रवरेवर दायमाबाद, संगमनेरजवळ जोर्वे, सगळीकडे हीच कथा. नदीच्या चिंचोळ्या काळ्या पट्ट्यावर ओळीने गावं, आणि पट्टा सोडला की काही नाही.

कडक_भाकरी:

दायमाबाद म्हणजे ते ब्राँझचे हत्ती-गेंडे सापडले तेच का?

खापरवेडी:

हो तेच. १९७४ मध्ये सापडले. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. त्यांचा नेमका काळ कोणता यावर अजून भांडतात. पण दख्खनच्या कातळात तांबं नाही, म्हणजे धातू बाहेरून आणलेला. रोजच्या कामाला ही माणसं आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या गारगोट्यांची पाती वापरायची. घरात दगडी पाती आणि एखाद-दुसरी तांब्याची कुऱ्हाड, असा संसार.

विजापूर_वेस:

छान चाललंय, पण मला सगळं जरा जास्तच गुळगुळीत वाटतंय. आधी निकाल माहीत आहे, मग त्याला साजेसा भूगोल शोधायचा! इजिप्त झालं कारण खोरं सपाट. भीमा झाली नाही कारण खोरं खोल. मग मला हे सांगा:

पेरूच्या किनाऱ्यावर काराल आहे. इ.स.पू. २६०० च्या सुमारास तिथे मोठमोठे चौथरे-पिरॅमिड बांधले. जागा कुठली, तर जगातल्या सगळ्यात कोरड्या किनाऱ्यांपैकी एक. नदी सुपे, आखूड, आपल्या सीनेपुढेही लहान. मातीची भांडीसुद्धा नव्हती त्यांच्याकडे. मध्य अमेरिकेत माया लोकांचं टिकाल शहर जंगलात, जवळ नदी नाही, पावसाचं पाणी तळ्यांत साठवून शहर चालवलं, आणि तेही बैल नाही, लोखंड नाही अशा स्थितीत. तुर्कस्तानात गोबेक्ली टेपे इ.स.पू. ९५०० च्या आसपासचं, तेव्हा तर शेतीच धड सुरू झाली नव्हती, आणि माणसांनी टनावारी वजनाचे खांब उभे केले.

शिवाय 'पाण्याच्या कामांसाठी हुकूमशाही राज्य लागलं' ही विटफोगेल या अभ्यासकाची १९५७ ची मांडणी कधीच फाटली. इजिप्तमध्ये बांधबंदिस्ती गावपातळीवरच व्हायची, फॅरोचा हुकूम येण्याआधीपासून. सुमेरमध्येही शहरं आधी, मोठे कालवे नंतर. भूगोल पत्ते वाटतो, खेळतो माणूस.

सीनाकाठचा:

विटफोगेलचं मान्य, आणि मी त्याच्या बाजूने बोललोही नाही. राज्य पाण्यातून आलं असं माझं म्हणणं नाही. जुळे सोलापूर काकांनी लिहिलंय तसं, पीक मोजता येणं आणि साठवता येणं यातून सारा आला, साऱ्यातून राज्य.

पण कारालचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं हो. तिथे समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह, त्यामुळे अँकोव्ही माशांची खाण. मासे धरायला जाळं हवं, जाळ्याला कापूस हवा, आणि कापूस पिकतो आतल्या खोऱ्यात अँडीजहून येणाऱ्या पाण्यावर. किनाऱ्याकडे मासे, खोऱ्याकडे कापूस, दोघांना एकमेकांशिवाय गत्यंतर नाही. भूगोलाने जबरदस्तीने बाजार भरवला तिथे. चादरींच्या गावात बसून कापसाला कमी लेखू नका.

वाचनमात्र:

पॉपकॉर्न नाही, हुरडा घेऊन बसलोय. चालू द्या.

कलबुर्गी_मेल:

मी कलबुर्गीचा, आजोळ अक्कलकोट. तुम्ही सगळे नदी नदी करताय म्हणून आमच्याकडचं सांगतो. भीमेच्या खाली, शोरापूरच्या भागात आणि पुढे रायचूर-बळ्ळारीकडे राखेची टेकाडं आहेत. बुदिहाळ, उटनूर, कुपगल. गावकरी पूर्वी पुराणातल्या राक्षसांच्या गोष्टी जोडायचे त्यांना. प्रत्यक्षात ती शेणाची राख. इ.स.पू. ३००० नंतर दीड-एक हजार वर्षं तिथे गुरं पाळणारी माणसं राहिली, गोठ्याचं शेण ढिगाने साठवून पेटवायची. का पेटवायची यावर पंडितांत एकमत नाही, सण म्हणून असेल, रोगराईला म्हणून असेल.

ही वस्ती बरीचशी ग्रॅनाईटच्या टेकड्यांजवळ, मोठ्या नदीकाठी नाही. खायला काय, तर हुलगा, मूग आणि बारीक तृणधान्यं. सगळी इथलीच, पावसावर येणारी. तेव्हा इथल्या भूगोलाने 'शहर कर' म्हणून सांगितलंच नव्हतं अण्णा, 'गुरं पाळ आणि हुलगा पेर' म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ते दीड हजार वर्षं केलं. याला नापास म्हणायचं का?

मालदांडी:

हुलग्याचं माडगं अजून करतो की आम्ही, थंडीत.

कलबुर्गीकरांच्या बोलण्यावरून डोक्यात आलं. ज्वारी तेव्हा होती का हो इकडं? कारण आमचं सगळं पोट ज्वारीवर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शिवारात पंधरा-वीस फूट खोल काळी माती सुद्धा आहे. हस्ताचा एक पाऊस चांगला झाला की पेरायचं. नंतर पाऊस नाही पडला तरी चालतं, मालदांडी जमिनीतली ओल अन् पहाटेचं दव यावर निघते. गव्हाला असं जमत नाही, त्याला पाणी दाखवावंच लागतं.

खापरवेडी:

दादा, हा प्रश्न लाखमोलाचा आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. भारतात ती आली इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात, आणि मुख्य पीक व्हायला त्यापुढे बराच काळ गेला. म्हणजे सिंधू खोऱ्यात शहरं भरात होती तेव्हा आपल्या काळ्या रानाला सगळ्यात शोभणारं धान्य इथे पोचलेलंच नव्हतं. गहू आणि बार्ली पश्चिम आशियातली, थंडीतल्या पावसावर वाढलेली पिकं. सिंधूच्या खोऱ्यात थंडी आहे, थोडा हिवाळी पाऊस आहे, शिवाय उन्हाळ्यातल्या पुराने भिजलेली जमीन आहे, म्हणून ती तिथे रुजली. आपल्याकडे आणली की पाट काढा, बांध घाला, आणि एवढं करून नदीकाठच्या पट्टीपुरतीच.

त्यामुळे 'भूगोल' म्हणताना नुसती जमीन-नदी धरू नका. पिकं कुठून कुठे कशी चालत आली हेही त्यातच. आणि विजापूर_वेस, हा तुमच्या बाजूचा मुद्दा धरा. जमीन तीच, पीक बदललं आणि निकाल बदलला.

विजापूर_वेस:

धन्यवाद, वसूल केला मुद्दा.

त्यात नांगर जोडा. काळी माती ओली असताना चिकटते, वाळली की दगड. लोखंडी फाळाशिवाय खोल काळं रान फोडणार कसं? विदर्भात नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, इसवी सनाच्या आधीच्या सहस्रकातली. लोखंड आलं आणि नदीची पट्टी सोडून माणूस माळावर सरकला.

मालदांडी:

एवढं सरळ पण नाही साहेब. खोल काळं रान दरवर्षी नांगरायची गरजच नाही. मे महिन्यात एवढ्या भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पाऊस आला की फुगून भेग मिटते. माती आपली आपणच खालीवर होते. म्हातारी माणसं नुसती कुळव-पाळी घालून पेरायची. नांगर लागतो तो हराळी-कुंदा काढायला. गवताची मुळं लई वाईट.

विजापूर_वेस:

हे पुस्तकात वाचलं नव्हतं. मग पडीक रान पहिल्यांदा मोडायला लोखंड, असं म्हणू.

जुळे_सोलापूर:

हवामानाचा विषय अजून कुणी काढला नाही. इ.स.पू. २२०० च्या सुमारास मोठं कोरडं पर्व आलं. त्याची खूण मेघालयात मॉम्लुह गुहेतल्या चुन्याच्या लवणस्तंभात इतकी स्पष्ट आहे की २०१८ पासून पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला 'मेघालयन' हेच नाव आहे. त्याच सुमारास इजिप्तचं जुनं राज्य मोडलं, इराकमधलं अक्कडचं साम्राज्य गेलं, आणि पुढे दोन-तीनशे वर्षांत सिंधूची शहरं ओस पडू लागली. मात्र सगळं खापर दुष्काळावर फोडणं मला पटत नाही. एकच दुष्काळ, पण इजिप्त शे-दीडशे वर्षांत पुन्हा उभं राहिलं आणि हडप्पाची लिपी कायमची गेली.

खापरवेडी:

काका, त्यात आपलं इनामगावही घ्या. इ.स.पू. १००० नंतर तिथली ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शिकारीच्या हरणांची हाडं वाढतात. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं हवामान दिलं. सगळ्यांना ते पटत नाही. पण दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला ते वाचताना ओळखीचं वाटतं. शेती गेली की माणूस शेळ्या-मेंढ्या धरतो आणि हलका संसार करून फिरायला लागतो.

आणि नद्यांबद्दल एक मजा. राजस्थान-हरियाणात घग्गरच्या काठी हडप्पाकालीन वस्त्या दाट आहेत, कालीबंगन वगैरे. पूर्वी धरून चालायचे की तिथे तेव्हा हिमालयातून येणारी मोठी नदी वाहत होती आणि ती आटली म्हणून शहरं मेली. २०१७ मध्ये वाळूच्या कणांचा काळ मोजून असं दिसलं की सतलज तो मार्ग ८ हजार वर्षांपूर्वीच सोडून गेली होती. शहरं त्यानंतर तीन-साडेतीन हजार वर्षांनी आली. म्हणजे माणसं वसली ती मोठ्या नदीने सोडलेल्या रुंद, गाळाच्या, पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या पात्रात. सिंधूसारखा सगळं वाहून नेणारा पूर तिथे नव्हता, हाच बहुधा फायदा.

कडक_भाकरी:

म्हणजे नदी नसणं पण फायद्याचं? मग सोलापूरला अजून चान्स आहे बे!

जुळे_सोलापूर:

हसू नका, आहेच उदाहरण. कच्छच्या रणातलं धोळावीरा. मोठी नदी नाही, मनसर आणि मनहर असे दोन पावसाळी ओढे. त्यांना बंधारे घालून पाणी कातळात खोदलेल्या प्रचंड टाक्यांत फिरवलं. शहराचा बराच भाग नुसत्या टाक्यांनीच व्यापलाय. आणि आपल्या गावाच्या मध्यभागी काय आहे? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलेलं तळं. बाजूला किल्ला, मंदिर, गड्डा, सगळं त्या तळ्याभोवती. तेलंगणात काकतीयांनी पुढे रामप्पा, पाखाल अशी तळी बांधली तीही याच पद्धतीची. दख्खनच्या पठाराला नदी वापरता आली नाही, ओढा मात्र वापरता आला. ओढ्याला बांध घालायला गाव पुरतं, साम्राज्य लागत नाही.

सीनाकाठचा:

हे मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं, काका. उजनीसारखं धरण बांधून भीमा खऱ्या अर्थाने शेताच्या वर चढली ती १९८० मध्ये. तोवर हे सगळं पठार तळी, विहिरी आणि काळ्या मातीतल्या ओलीवर जगलं.

विजापूर_वेस:

मग शेवटचा प्रश्न. तळी बाराव्या शतकातली, धरण विसाव्या. तरी पहिल्या शतकात आपल्या शेजारी तेर एवढं मोठं होतं की ग्रीक खलाशाच्या टिपणात त्याचं नाव आलं. तिथे ना नाईल, ना युफ्रेटिस. तेरणा म्हणजे उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी. ते शहर कशावर उभं राहिलं?

खापरवेडी:

रस्त्यावर आणि कापडावर. 'पेरिप्लस' मध्ये, म्हणजे त्याच ग्रीक खलाशाच्या टिपणात, लिहिलंय की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तिथून साधं कापड, मलमल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. काळ्या मातीतला कापूस, वर सातवाहनांचं राज्य, आणि समुद्रापलीकडे रोमचं गिऱ्हाईक. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे, तिच्यासारखीच एक पॉम्पेईच्या राखेत सापडली. सीनाकाठचा यांचं नाईलचं मोजमाप इथे लावताच येत नाही, कारण तेरचं धान्य आजूबाजूच्या रानातलं आणि पैसा घाटापलीकडचा.

मालदांडी:

एक विचारतो. गाड्यांतून माल जायचा म्हणता, पण काळ्या रानात मृग लागला की गाडी घालून दाखवा. चाक आऱ्यापर्यंत रुततं. आमच्याकडं डांबरी होईपर्यंत पावसाळ्यात बैलगाडी रस्त्यावर नसायचीच. दसऱ्यानंतर वाट चालू व्हायची.

सीनाकाठचा:

मालदांडी दादा, आणि जहाजं कधी सुटायची ते बघा. इजिप्तहून ती निघायची जुलैत, नैऋत्य वाऱ्यावर, आणि सप्टेंबरच्या सुमारास आपल्या किनाऱ्याला लागायची. परत फिरायची ईशान्य वारा सुटल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत. आता दसऱ्याला वाट वाळली, तेरहून गाड्या निघाल्या. दहा आणि वीस, तीस दिवसांचा प्रवास. नोव्हेंबरात माल भडोचच्या धक्क्यावर हजर, आणि तिथे जहाज वाऱ्याची वाट बघत उभं. पाऊस गाडी अडवायचा तेव्हाच वारा जहाज इकडे आणायचा.